वेगाचे रिंगण

मराठी सुशिक्षितांच्या मनात मोटारीविषयी दोन भावना एकाच वेळी नांदत असतात. एक, ती आपल्या दारी असावी ही ओढ. आणि दुसरी, ती वेगाने हाकणाऱ्याविषयी तुच्छता. या दोहोंच्या कात्रीत सापडून आपण वेगाचा विचार करणेच सोडून दिले आहे. वेग हा श्रीमंतांच्या बिघडलेल्या मुलांचा विषय, वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. आम्हाला हा संकेत मान्य नाही. ज्याच्या दारात रस्त्याला पेलणार नाही इतक्या ताकदीची गाडी उभी आहे, त्याने ती वर्षातून एकदा तरी बंदिस्त धावपट्टीवर, ज्याला ट्रॅक-डे म्हणतात तिथे, नेली पाहिजे असे आमचे म्हणणे आहे. 'नेली तर बरे' असे नव्हे, नेलीच पाहिजे. आणि हे म्हणणे आम्ही मुंबईकडे नव्हे, तर आष्ट्यासारख्या गावाकडे पाहत मांडणार आहोत. मुंबईत ही गोष्ट हौस म्हणून खपून जाईल; आष्ट्यात ती जिवाशी निगडित आहे.

आष्टा हे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातले नगरपालिकेचे गाव. चौंडेश्वरीच्या भावईमुळे ते दूरवर माहीत आहे. एरवी उसाचे, काळ्या जमिनीचे, कृष्णाकाठच्या मुलखातले एक सुखवस्तू गाव. पेठनाक्याहून सांगलीला जाणारा रस्ता या गावातून जातो. हा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता, आणि तो तसा होता तोवर वेगाचा प्रश्न खड्ड्यांनीच सोडवलेला होता. रस्ता रुंद आणि गुळगुळीत होऊ लागला तसा तो प्रश्न माणसांवर येऊन पडला. गळीत हंगामात याच रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या पाठीमागे दिवा असतोच असे नाही; बैलगाड्या असतात; पहाटे दूध घालायला निघालेली सायकल असते; आणि उलट्या बाजूने येणारी दुचाकी तर आपल्याकडे वाहतुकीचा घटकच मानली जाते. या सगळ्यांमधून रात्री साडेदहाला ताशी १४० किलोमीटरने कोणी तरी जातो. का जातो? तर त्याच्या गाडीत तेवढा जोर आहे म्हणून, आणि तो जोर काढून पाहायला त्याला दुसरी जागा माहीत नाही म्हणून.

इथे 'स्पोर्ट्‌स कार' या शब्दाने वाचकांनी बिचकू नये. त्या शब्दाबरोबर इटालियन नावे आणि सात आकडी हप्ते डोळ्यांसमोर येतात हे खरे, पण या भागातली स्पोर्ट्‌स कार वेगळी आहे. ती पुण्याहून दुसऱ्या हाताने घेतलेली पोलो जीटी असते, जिच्या इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली असते. क्वचित ऑक्टाव्हिया आरएस असते. आणि बहुतेक वेळा ती मोटार नसतेच, चाकणच्या कारखान्यातून आलेली केटीएम असते. उसाचे बिल, ठिबकची एजन्सी किंवा बांधकामाचा ठेका यांतून आलेला पैसा आणि वय वर्षे पंचवीस, एवढी सामग्री पुरते. या मुलांना 'माजलेली' म्हणून निकालात काढणे सोपे आहे. त्यांतली कित्येक आपलीच विद्यार्थी आहेत, आणि आपण वर्गात त्यांना जे शिकवतो त्यात वेगाविषयी एक अक्षर नसते.

किंवा असते, पण ते शिक्षा म्हणून असते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यांतली एक साऱ्या देशात गाजली: रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणे. लोक संतापले, आणि ते रास्तच होते.  पण त्या गदारोळात एक गोष्ट कोणी बोलले नाही, आणि ती बोलायची जबाबदारी मराठीच्या शिक्षकांची होती. निबंध ही शिक्षा होऊ शकते, आणि ती शिक्षा हास्यास्पद ठरू शकते, याचा अर्थ निबंध या प्रकाराविषयी समाजाची अपेक्षा किती खालावली आहे! त्याहून महत्त्वाचे असे की, वेग हा उपदेशाने आवरण्याचा विषय आहे ही समजूत त्या अटीत होती, आणि तीच समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांत, पोलिसांच्या रस्ता सुरक्षा सप्ताहात आणि घाटांतल्या यमक जुळवणाऱ्या फलकांतही आहे. निबंधाने वेग आवरत नाही. उपदेश कानाला कळतो, आणि वेग कळायचा असतो तो कमरेला, तळपायाला आणि डोळ्याला.

हे विधान आलंकारिक वाटू नये म्हणून थोडे गणित मांडतो. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सेकंदभर लागतो. त्यानंतर चांगला टायर, कोरडा रस्ता आणि पूर्ण दाबलेला ब्रेक असे सारे जुळून आले तर आणखी पन्नासेक मीटर. आता वेग १४० करा. वेग दीडपटही वाढलेला नाही, पण ब्रेकचे अंतर पन्नासचे शंभराच्या घरात जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे शाळेतल्या नववीच्या पुस्तकात आहे. प्रत्येकाने ते पाठ केले आहे, त्यावर गुण मिळवले आहेत, आणि रस्त्यावर एकालाही ते आठवत नाही. कारण हे शंभर मीटर त्याने कधी भोगलेले नाहीत. ब्रेक शेवटपर्यंत, पूर्ण ताकदीनिशी, दाबून पाहण्याचा प्रसंग बहुतेक चालकांवर आयुष्यात एकदाच येतो, आणि तो प्रसंग सरावासाठी सोयीचा नसतो.

ट्रॅक-डे म्हणजे या सरावाची जागा. तो स्पर्धेचा दिवस नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण अनेकांचा गोंधळ इथेच होतो. तिथे कोणी पहिला येत नाही, बक्षीस नसते, बऱ्याच ठिकाणी वेळ मोजण्यालाही मज्जाव असतो. आपली रोजचीच गाडी घेऊन जायचे. सकाळी गाडीची तपासणी होते: टायर, ब्रेक, चाकाच्या नटांचा कस, तेलाची गळती, आत सुटी पडलेली वस्तू. मग चालकांना एकत्र बसवून नियम आणि झेंडे समजावले जातात. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, आवर आणि ओलांडू नकोस. तांबडा म्हणजे फेरी थांबली. निळा म्हणजे मागून जलद गाडी येते आहे. काळा म्हणजे तू, तूच, आत ये. अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि एकेका गटाला पंधरा-वीस मिनिटे सोडतात. ओलांडायचे ते ठरवून दिलेल्या सरळ भागात, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. नवख्याशेजारी शिक्षक बसतो.

पहिल्या फेरीत माणसाला काय कळत असेल तर ते हे, की त्याला गाडी चालवता येत नाही. (लायसन्स असते, ती गोष्ट वेगळी.) त्याची नजर बंपरच्या पुढे दहा हातांवर खिळलेली असते, शिक्षक सांगतो, वळण संपते तिथे पाहा, हात आपोआप तिकडे जातील. तो वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतो. शिक्षक सांगतो, टायरची पकड ही एका पगारासारखी आहे, ती ब्रेकवर उधळलीस तर वळायला काही उरत नाही. म्हणून आधी सरळ रेषेत वेग उतरव, मग वळ, मग हळूहळू जोर दे. दुपारपर्यंत ब्रेक तापून पाय खोल जाऊ लागतो आणि ज्या गाडीविषयी मित्रांत फुशारकी मारलेली असते तिच्या मर्यादा एकामागून एक उघड होतात. संध्याकाळी परतणारा माणूस दमलेला आणि पुष्कळसा नमलेला असतो. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे नमणे. कोणत्याही फलकाला ते जमलेले नाही.

कृष्णा-वारणेच्या मुलखाला ही गोष्ट नवी वाटण्याचे खरे तर कारण नाही. इथे गावोगाव तालमी आहेत. आष्ट्यापासून जवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून आले. अंगात रग असलेल्या पोराचे काय करायचे याचे उत्तर या मुलखाने शतकापूर्वीच शोधलेले आहे: त्याला लाल मातीत घाला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, ते १९१२ साली पूर्ण झाले. त्यामागे रग जिरवण्याचा नव्हे, तर रगीला आकार देण्याचा विचार होता. तालमीतली माती साधी नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवून ती खोऱ्याने उकरून मऊ केलेली असते, कारण पोर पडणार हे गृहीत धरलेले असते. पडणे हा शिकण्याचा भाग आहे, मोडणे नाही. मोटारीच्या धावपट्टीवर वळणाच्या बाहेर जो खडीचा पट्टा किंवा मोकळी जागा सोडलेली असते आणि तिच्याही पलीकडे टायरांची भिंत रचलेली असते, ती दुसरे काही नाही, तालमीची उकरलेली माती आहे. तिथे चुकलेल्या गाडीखाली दूधवाला येत नाही.

आता कल्पना करावी, की आष्ट्याच्या चौकात दोन पैलवान भर बाजारात एकमेकांना धोबीपछाड मारू लागले. लोक त्यांना शूर म्हणतील? वस्ताद त्यांना तालमीत पाऊल ठेवू देईल? आणि तरीही पेठ-सांगली रस्त्यावर हेच चालते, तर त्याला 'गाडी पळवतोय' असे कौतुकाच्या सुरात म्हटले जाते.

बैलगाडी शर्यतीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या, आणि सांगली-सातारा-पुणे पट्ट्यात एक दीर्घ लढा उभा राहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी बंदी झुगारून शर्यत झाली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या लढ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही म्हणता येईल. तो आमचा आजचा विषय नाही. आमचे लक्ष अटींकडे आहे. धावेचे अंतर मर्यादित हवे. जमीन खडकाळ वा चिखलाची नको. रस्त्यावर, महामार्गावर शर्यत नको. पशुवैद्यक हजर हवा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. म्हणजे बैलाने कुठे पळावे याचा विचार विधिमंडळाने, उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने मिळून केला. मैदानावर फाट्या आखल्या जातात, प्रत्येक जोडी आपापल्या चाकोरीत धावते, झेंड्याला पंच असतो. आणि दीडशे घोड्यांचे इंजिन? त्याने कुठे पळावे याचा विचार कोणीही केलेला नाही. कायद्यात फक्त निषेध आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. निषेध आवश्यकच आहे. पण शर्यतबंदीच्या काळात पहाटेच्या अंधारात माळावर चोरून शर्यती झाल्या, हे ज्या मुलखाने पाहिले आहे त्याला केवळ निषेधाचे मोल सांगायला नको.

जाता जाता एक भाषिक टिपण. आमच्या समीक्षेत 'चाकोरी' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. चाकोरीबद्ध कविता, चाकोरीबाहेरची कादंबरी, आणि काय काय. शर्यतीच्या मैदानावर मात्र चाकोरी सोडणारी गाडी बंडखोर ठरत नाही, ती बाजूच्या जोडीच्या अंगावर जाते. समीक्षकांनी एकदा मैदानावर जाऊन यावे.

योहान हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाचे एक लक्षण सांगितले. खेळ रोजच्या आयुष्यापासून स्थळकाळाने वेगळा काढलेला असतो. त्याला आखलेली हद्द असते आणि त्या हद्दीत स्वतःचे नियम चालतात. आखाडा, पट, रंगमंच, मंदिर ही सारी त्याच्या दृष्टीने एका जातीची स्थळे. मराठी वाचकाला यासाठी डच पंडिताकडे जाण्याची गरज नाही, वारी पुरेशी आहे. सातारा जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण होते. लाखोंच्या गर्दीत अश्व धावतो, तो आपल्या डोळ्यांना सुंदर दिसतो, आणि कोणाच्या छातीत धडकी भरत नाही. का? कारण आधी चोपदारांनी जागा मोकळी केली आहे. माणसे बाजूला उभी आहेत, ती स्वेच्छेने उभी आहेत, आणि अश्व कुठून येणार व कुठे जाणार हे प्रत्येकाला माहीत आहे. तोच अश्व त्याच गर्दीत रिंगणाशिवाय उधळला, तर ती चेंगराचेंगरी. वेग एकच, रिंगण असले तर सोहळा आणि नसले तर अपघात. ज्या संस्कृतीने माउलींच्या घोड्यालाही रिंगण आखून दिले, तिने मोटारीला रिंगण नाकारावे हे विचित्र आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयात वेगाची पूजा सुरू झाली ती रिंगणाबाहेर, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. मारिनेत्तीचा भविष्यवादाचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो'त छापून आला. धावती मोटार ही ग्रीक शिल्पापेक्षा सुंदर आहे, हा त्यातला दावा परीक्षेत हमखास विचारला जातो. त्याच मजकुराच्या प्रारंभी काय घडते ते मात्र सहसा कोणी विचारत नाही: मोटार उधळलेला कवी समोरून आलेल्या दोन सायकलस्वारांमुळे खड्ड्यात पडतो. सायकलस्वारांविषयी त्याचा सूर त्रासिक आहे; जणू रस्ता त्याचाच होता आणि तेच मध्ये कडमडले. आधुनिक वेगवादाचे सारे पाप त्या सुरात आहे. पेठ-सांगली रस्त्यावरचा आपला मुलगा मारिनेत्तीचे नावही न ऐकता त्याचाच शिष्य झालेला आहे: त्याच्याही लेखी दूधवाला हा अडथळा आहे. याउलट रोलां बार्तने १९६१ च्या सुमारास एका कॅनेडियन माहितीपटासाठी खेळावर निवेदन लिहिले, त्यात बैलझुंज, सायकल शर्यत, फुटबॉल यांच्याबरोबरीने मोटार शर्यत आहे. ज्याने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएन गाडीची तुलना गॉथिक कॅथीड्रलशी केली, त्याला मोटार हा विचाराचा विषय वाटला. आपल्याला का वाटू नये?

आक्षेप पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप, की ट्रॅकवर जाऊन आलेला माणूस रस्त्यावर आणखी वेगाने जाईल. कौशल्य आले की मस्ती येते. हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. तालमीतून बाहेर पडलेल्यांतही गुंड निघतात. पण तालीम बंद करणे हा त्यावरचा उपाय कोणी सुचवत नाही. तिथे वस्तादाचा धाक महत्त्वाचा असतो. म्हणूनच शिक्षकाशिवायचा, नियम न समजावता नुसती गाडी सोडणारा ट्रॅक-डे आम्हाला नको आहे. सरळ पट्टीवर पाव मैल कोण आधी जातो हे पाहणारे ड्रॅगचे प्रकार आहेत, अॅम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ते होतात, गर्दीही लोटते. तेही रस्त्यावरच्या झुंजीपेक्षा शतपटीने बरे, पण त्यात पाय फक्त दाबायला शिकतो. आवरायला शिकवतात ती वळणे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वर्गाचा. ज्या राज्यात शेतकरी आत्महत्या करतो तिथे मोटारी फिरवण्याच्या सोयी कसल्या मागता? हा प्रश्न सभेत टाळ्या मिळवतो. पण ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते त्या फिरवतच आहेत, आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे गाडी नाही ते मोजत आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. मरणाऱ्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी यांचा भरणा मोठा. तेव्हा ट्रॅक-डेचा पुरस्कार करणे म्हणजे श्रीमंतांचे लाड, हा हिशेब उलटा आहे. श्रीमंताने आपल्या हौसेचा खर्च आणि धोका स्वतः उचलावा, तो शेजारच्या सायकलवर टाकू नये, एवढीच ही मागणी आहे. ती पुरेशी समतावादी नसेल तर समतावादाने आपली मोजपट्टी तपासावी.

इंधन जाळण्याचा आक्षेपही ऐकू येतो. दिवसभरात वीस-तीस फेऱ्या होतात. आष्ट्याहून महाबळेश्वरला फक्त कणीस खायला जाऊन येणाऱ्यांचे पेट्रोल कोणी मोजत नाही. असो.

खरी अडचण जागेची आहे, आणि इथे आमचा राग मोटार मालकांवरून सरकारकडे वळतो. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या विमान धावपट्टीवर शर्यती सुरू केल्या आणि पुढे इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःची पावणेचार किलोमीटरची धावपट्टी उभारली. १९९० पासून ती चालू आहे. कोइमतूरला करिवर्धन यांच्या स्मरणार्थ कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाला २०११ साली ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट झाले. तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि २०१३ नंतर त्या थांबल्या. त्यामागच्या कारणांत एक वाद वाङ्मयाच्या वर्गात चर्चिला जावा असा होता: मोटार शर्यत हा खेळ की करमणूक? उत्तर प्रदेश सरकारने ती करमणूक ठरवली आणि त्याप्रमाणे कर मागितला. तमाशाला कर आणि कुस्तीला सवलत, हा जुनाच न्याय.

आणि महाराष्ट्र? पिंपरी, चाकण, आकुर्डी, नाशिक, वाळूज; देशातल्या मोटारींचा आणि दुचाकींचा केवढा मोठा हिस्सा या राज्यात घडतो. वाहनांच्या चाचणीसाठीची एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या चाचणी धावपट्ट्या आहेत, पण त्यांच्या फाटकाआड सामान्य माणसाला प्रवेश नाही. चेन्नई वा नोएडाच्या तोडीचे, मोठ्या मोटारींना पुरेल असे एकही कायमचे सर्किट या राज्यात वर्षानुवर्षे नव्हते. आष्ट्याच्या मुलाला आपली गाडी वळणावर समजून घ्यायची असेल तर त्याने हजारभर किलोमीटर दक्षिणेला जावे, ही अपेक्षा होती. ज्या राज्याने दर तालुक्याला क्रीडा संकुल देण्याची भाषा केली, त्याला एवढी एक धावपट्टी जड का व्हावी?

मात्र या तक्रारीआड मोटार मालकांनी लपू नये. कोल्हापूर आष्ट्याहून तास-दीड तासावर आहे, आणि तिथे मोहिते यांच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला. म्हणजे परंपरा नाही असे म्हणण्याची सोय नाही. कार्टमध्ये गिअर नाही, छप्पर नाही, जमिनीपासून चार बोटांवर बूड असते. पण नजर, रेषा आणि ब्रेक यांचे जे शिक्षण मोठ्या धावपट्टीवर मिळते त्याचा बराचसा भाग इथे शंभराव्या हिश्श्याच्या खर्चात मिळतो. तिथे न जाता थेट रस्त्यावर पराक्रम करणाऱ्याला जागेच्या अभावाची सबब सांगता येणार नाही.

आष्ट्यात अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पलीकडे साखराळ्याला राजारामबापू तंत्रज्ञान संस्था आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाड्या बांधून स्पर्धांना नेतात, 'बाहा' नावाची अशी स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला होत आली आहे. साखर कारखान्यांची मोठाली आवारे हंगाम संपला की पावसाळाभर मोकळी पडतात. उसाच्या गाड्या उभ्या राहण्याच्या अशा पक्क्या अंगणात, सुळके मांडून, ताशी साठच्या आतल्या वेगात ब्रेक आणि वळण शिकवण्याचा एक दिवस भरवायला फॉर्म्युला वनची परवानगी लागत नाही. तो दिवस पावसाचा असला तर उत्तमच. ओल्या फरशीवर पकड किती लवकर सुटते हे चाळीसच्या वेगातही कळते. महाविद्यालय, कारखाना आणि परिवहन कार्यालय यांनी एकत्र बसण्याचा तेवढा प्रश्न आहे. आणि भाषेच्या प्राध्यापकांनी त्या दिवशी तिथे जावे, कारण या साऱ्या विद्येला मराठीत अजून शब्द नाहीत. वळणाच्या आतल्या ज्या बिंदूला चाक स्पर्शून जाते त्याला काय म्हणायचे? ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरण्याला? तालमीने आपल्याला ढाक, मोळी, कलाजंग असे शब्द दिले, कारण तिथे माणसे रोज जात होती.

जो जाण्याचे ठरवील त्याला तूर्तास काही सूचना. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांत झालेले नुकसान वगळलेले असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला, हे धरूनच निघावे, आणि हप्ते चालू असलेली गाडी नेण्याआधी दोनदा विचार करावा. ब्रेक ऑइल जुने असेल तर बदलून घ्यावे, ते पाणी धरते आणि तापल्यावर उकळते, मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ब्रेक पॅड अर्ध्याहून अधिक शिल्लक हवेत. टायर नवे नसले तरी चालतील, पण भेगाळलेले नकोत. हेल्मेट आपले स्वतःचे, मापाचे असावे. डिकीतली जॅक, छत्री, देवाची मूर्ती, पाण्याच्या बाटल्या हे सारे घरी काढून ठेवावे. प्रत्येक फेरीची शेवटची चक्कर ब्रेक न वापरता सावकाश मारावी, म्हणजे चाके निवतील. आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये उभी करावी.